विमान देखभाल अभियंता परवाना

विमानाची तपासणी किंवा दुरुस्ती झाल्यावर ते पुन्हा सेवेत सोडण्यास हरकत नाही, असे स्वतःच्या सहीने प्रमाणित करण्याचा अधिकार देणारा परवाना. भारतात तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देते. त्याचा आधार विमान नियम, १९३७ मधील नियम ६१ हा असून तपशील ‘कार-६६’ (सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स) या नियमावलीत आहेत.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन बारावी किंवा अभियांत्रिकी पदविका ही शैक्षणिक अट. परवाना मिळताना वय किमान १८ वर्षे. बी१ वर्ग विमानाचा सांगाडा, इंजिन व यंत्रणांसाठी, तर बी२ विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी असतो. बी१.१ मध्ये टर्बाइन इंजिनाची विमाने येतात आणि बी१.२ मध्ये पिस्टन इंजिनाची. परीक्षा मॉड्यूलनिहाय होते व प्रत्येकात ७५ टक्के गुण लागतात. मानवी चुका व विमान कायदा हेही त्यातले विषय आहेत.

खरी कसोटी अनुभवाची. मान्यताप्राप्त संस्थेचा मूलभूत अभ्यासक्रम पूर्ण केलेल्याला बी१.१ किंवा बी२ साठी चालत्या विमानांवर दोन वर्षे काम करावे लागते, बी१.२ साठी एक वर्ष. कोणतेच संबंधित तांत्रिक प्रशिक्षण नसल्यास अनुक्रमे पाच आणि तीन वर्षे. केलेले प्रत्येक काम लॉगबुकात नोंदवून घ्यावे लागते. संस्थेचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे, हे प्रवेशाच्या वेळी पालकांना स्पष्टपणे सांगितले जायला हवे. परवाना हाती आल्यावरही एअरबस ए३२० सारख्या मोठ्या विमानावर सही करायची तर त्या प्रकाराचे वेगळे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांची अडचण नेमकी हा अनुभव मिळवण्यात आहे. कराडची धावपट्टी लहान विमानांपुरती. सांगलीजवळच्या कवलापूरची धावपट्टी वापरात नाही. नियमित विमानसेवेसाठी जवळचा विमानतळ म्हणजे कोल्हापूरचा उजळाईवाडी. त्यामुळे शिक्षण आणि अनुभव या दोन्हींसाठी पुणे, मुंबई, नागपूर गाठावे लागते. बारामतीसारख्या ठिकाणच्या वैमानिक प्रशिक्षण केंद्रांत लहान विमाने रोज उडतात, बी१.२ च्या उमेदवाराने त्यांचा विचार जरूर करावा. मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचे केंद्र नागपूरच्या मिहान प्रकल्पात आहे.

यंत्रकामाची परंपरा मात्र या भागात जुनी आहे. किर्लोस्करांच्या यंत्रकारखान्याची किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यातच आहे. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली.

देखभालीची पुस्तके इंग्रजीत असतात आणि ती वाचून समजणे ही परवानाधारकासाठी नियमानेच आवश्यक बाब आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी ही तयारी अकरावीपासूनच सुरू करावी.