दोनाचा दहावा घात की दोनशे दहा?



दोनाचा दहावा घात म्हणजे १०२४. पण तो वर चढलेला १० कॉपी-पेस्ट करताना खाली उतरला, की कागदावर छापून येतं २१०. पोरगं गणित बरोबर करतं आणि मार्क जातो. ही भानगड किती जुनी आहे, ते आज बघू.

साधं वाक्य एका ओळीत चालतं. सूत्राला मात्र मजले असतात: अंश वर, छेद खाली, घातांक कोपऱ्यात, वर्गमूळाचं छप्पर. शिशाचे खिळे जुळवायच्या काळात असं एक पान लावायचं म्हणजे जुळाऱ्याची परीक्षाच, त्यामुळे गणिताची छपाई महाग पडायची. आपल्याकडे देवनागरीच्या जोडाक्षरांचा पसारा वेगळाच. लोकमान्य टिळक गणित शिकवायचे हे तुम्ही ऐकलं असेल, पण देवनागरीचे खिळे कमी कसे करता येतील यावरही त्यांनी बरंच डोकं खपवलं होतं. गणिताच्या मास्तराला खिळ्यांची काळजी वाटावी, यात मला नवल वाटत नाही.

१९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डचे प्राध्यापक डोनाल्ड नूथ यांच्या हातात त्यांच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. जुनी आवृत्ती शिशाच्या खिळ्यांची होती, ही फोटो-टाइपसेटिंगची. नूथना ती बघवेना. त्यांनी स्वतःच प्रोग्रॅम लिहायला घेतला, टेक. लवकर उरकेल असं वाटलेलं काम दहाएक वर्षं चाललं, आणि शेवटी त्यांनी ते फुकट वाटून टाकलं. पुढे लेस्ली लॅम्पोर्टनी त्यावर लाटेक रचलं.

यातली खरी युक्ती साधी आहे. सूत्राचं चित्र काढायचं नाही, ते शब्दांत सांगायचं. अपूर्णांक हवा? उलटी तिरकी रेघ, फ्रॅक, मग महिरपी कंसात अंश, दुसऱ्या महिरपी कंसात छेद. चॅटबॉटचं उत्तर कॉपी केल्यावर मधेच डॉलरची चिन्हं दिसतात ना? ती हीच भाषा.

पण दुनिया वर्डवर चालते. मी इथे क्लासेसच्या प्रश्नपत्रिका टाइप करून देतो. सरांना फाइल वर्डमध्येच हवी असते, कारण परीक्षेच्या आदल्या रात्री एखादा प्रश्न बदलायचा असतोच. वर्डमध्ये वर्षानुवर्षं इक्वेशन एडिटर होतं. २०१७ च्या नोव्हेंबरात त्यात सुरक्षेचं मोठं भोक असल्याचं जाहीर झालं, आणि जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते काढूनच टाकलं. जुनी सूत्रं कागदावर दिसत राहिली, पण त्यांना हात लावायची सोय गेली. कित्येक मास्तरांची पेपरांची पुंजी अशी गोठली.

इथे कामाला येतं पॅनडॉक. ते लिहिलं जॉन मॅकफार्लेन यांनी, बर्कलेच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं! २००६ पासून ते फुकट मिळतं. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची: पॅनडॉक, लाटेक फाइलचं नाव, उणे ओ, वर्ड फाइलचं नाव. एंटर. सूत्रं वर्डच्या आजच्या स्वरूपात उतरतात, आणि सर त्यावर क्लिक करून आकडा बदलू शकतात. चाळीस पेपर असतील तर ‘फॉर’चा लूप लावायचा, म्हणजे ‘या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलला हेच कर.’ चहा होईपर्यंत काम होतं.

जादू मात्र नाही. लाटेकमध्ये कोडनं काढलेल्या भूमितीच्या आकृत्या वाटेत गळतात, त्या चित्र म्हणून वेगळ्या चिकटवाव्या लागतात. जुन्या इक्वेशन एडिटरची सूत्रं तर पॅनडॉकला वाचताच येत नाहीत. म्हणून रूपांतर झालं की मी घातांक तेवढे डोळ्यांनी तपासतो.

शिकायचं कुठे? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लाटेकचे धडे मराठी आवाजात आहेत, गणिताच्या मांडणीचेसुद्धा, आणि तेही मोफत. इंग्रजीची धास्ती असेल तर तिथूनच सुरू करा.

आणि लाटेक साधा मजकूर असल्यानं फोनच्या नोट्समध्येही लिहिता येतो. फक्त मित्राला पाठवताना मेसेजमध्ये टाकू नका, फाइल करून पाठवा. लाटेकमध्ये अंडरस्कोअर म्हणजे पायथ्याचा आकडा. व्हॉट्सॲप मात्र कधी कधी दोन अंडरस्कोअरमधली अक्षरं तिरकी करतं आणि अंडरस्कोअर गिळून टाकतं.