शेलशॉक

‘शेल’ म्हणजे मुळात शिंपला, कवच, टरफल. पुढे पोकळ धातूत दारू ठासलेल्या तोफगोळ्यालाही तेच नाव पडलं. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत ‘शॉक’ येऊन त्याला जोडला गेला आणि सैनिकांच्या तोंडी ‘शेलशॉक’ हा शब्द रुळला. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी फेब्रुवारी 1915 मध्ये ‘द लॅन्सेट’मधल्या लेखात तो वापरला. लेखात तीन सैनिकांची हकीकत होती. त्यांतला एक काटेरी तारांत अडकलेला असताना भोवती गोळे फुटत होते. तिघांचीही दृष्टी अधू झाली होती, वास आणि चव हरवली होती, स्मृतीही विस्कटली होती.

स्फोटाच्या दणक्याने मेंदूला इजा होते, असा तेव्हा कयास होता. पण ज्यांच्या जवळ गोळा फुटला नव्हता असे सैनिकही थरथरू लागले, मुके झाले. मायर्सना स्वतःला हा शब्द पुढे खटकू लागला. 1917 मध्ये ब्रिटिश लष्कराने रुग्णांच्या नोंदींतून तो वगळायला लावला. शब्द गेला, आजार राहिला. रणातून पळाल्याबद्दल गोळ्या घातलेल्यांत असे आजारी जवानही होते. त्या युद्धात पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली मारलेल्या 306 जणांना ब्रिटनने 2006 मध्ये माफी दिली.

व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या लढ्यानंतर, 1980 मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतरचा तणाव-विकार, आला. घरी परतलेला जवान रात्री दचकून उठत असेल, तर तो भेकड नव्हे. त्याला उपचार मिळणं हा त्याचा हक्कच आहे.