घरगुती कार्यशाळेची साधनसामग्री : दादर ते मीरा रोड

मुंबईच्या औद्योगिक इतिहासात गिरणीला स्थान मिळाले, गोदीला मिळाले, रेल्वेच्या कारखान्यांनाही मिळाले. राहत्या घराच्या एका कोपऱ्यात टेबलाला व्हाइस आवळून कानस चालविणाऱ्या हौशी माणसाची दखल मात्र कोणी फारशी घेतलेली नाही. त्याची कर्तबगारी लहान, हे त्याचे एक कारण असेल. पण दुसरे कारण असे की, अशा माणसाने काय घडविले एवढेच आपण विचारतो. त्याची अवजारे कोठून आली, त्यांचे पैसे कोणी भरले आणि ती ठेवण्यास जागा कोणी करून दिली, हे विचारीत नाही. प्रस्तुत लेखात हेच तीन प्रश्न विचारावयाचे आहेत. त्यासाठी मीरा रोडकडे वळण्यापूर्वी त्याच लोहमार्गावरील दादर येथे थोडे थांबणे अवश्य आहे, कारण या विषयाचे सर्वांत चांगले नोंदले गेलेले उदाहरण तेथील आहे.

ते उदाहरण धुंडिराज गोविंद फाळके यांचे. फाळके यांना हौशी म्हणणे काहींना रुचणार नाही. छायाचित्रण, ठसे करणे व मुद्रण हे त्यांचे व्यवसायच होते. परंतु गिरगावातील तंबूत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिल्यानंतर ते ज्या कामास लागले, त्याचे शिक्षण त्यांना नव्हते, त्यासाठी पगार नव्हता आणि भांडवलदारही नव्हता. मूल्यपत्रके, पुस्तके आणि किरकोळ साहित्य जमवून घरीच प्रयोग करण्याची ही अवस्था कोणत्याही छांदिष्टाच्या परिचयाची आहे. पुढे विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी सुमारे १०,००० रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न आणि वॉल्टन येथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडून त्यांना मार्गदर्शन मिळाले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा त्यांनी ५० पौंडांस घेतला. पौंडाचा भाव त्या काळी १५ रुपये होता, म्हणजे एकट्या कॅमेऱ्याचे ७५० रुपये झाले. त्याखेरीज कोडॅकची कोरी फिल्म आणि तिला भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते एप्रिलमध्ये परतले.

भोके पाडण्याच्या या यंत्राकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. कोरी फिल्म त्या वेळी कडांना भोके न पाडलेली मिळे. भोके नसतील तर कॅमेऱ्याच्या दातेरी चाकावर ती सरकत नाही, आणि भोके पाडावयाची ती अंधारात. हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या. प्रत्येक चित्रचौकटीस एका कडेला चार भोके आणि एका फुटात सोळा चौकटी, हे प्रमाण धरले तर फुटागणिक एका कडेस ६४ भोके होतात. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. त्याच्या एका प्रतीपुरत्या फिल्मच्या दोन्ही कडांस मिळून पावणेपाच लाखांच्या घरात भोके लागतात! यंत्र एका दाबात कितीही भोके पाडो, अंधारात बसून ते चालविणे हे कष्टाचे काम होते. दादरच्या 'मथुरा भवन' या बंगल्यात हे चालले असताना घरात मुलेबाळे होती, स्वयंपाक होता, पाहुणेही होते.

कुंडीत वाटाणा लावून त्याच्या वाढीची चित्रे फाळके यांनी रोज थोडी थोडी टिपली आणि ती लहानशी फिल्म दाखवून कर्ज मिळविले. परंतु त्या कर्जास तारण म्हणून पत्नीचे दागिने गेले. ३ मे १९१३ रोजी चित्रपट कॉरोनेशन थिएटरात झळकला. आपल्या तीन प्रश्नांची उत्तरे येथे मिळतात : अवजारे लंडनहून आली, पैसे विम्यातून व दागिन्यांतून आले, आणि जागा व बरेचसे श्रम घराने दिले.

लंडनचा हा मार्ग पुढे सामान्य हौशी माणसाला बंदच झाला. आयात नियंत्रण दुसऱ्या महायुद्धात सुरू झाले होते. १९४७ च्या कायद्याने ते चालू राहिले आणि १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर अधिक कडक झाले. परदेशी ड्रिलसाठी परवाना मागण्याइतकी ऐपत छंदाची नसते. मग उरल्या शहरातल्याच बाजारपेठा : हत्यारे व बेअरिंगसाठी नागदेवी, विजेच्या सामानासाठी लोहार चाळ, रेडिओच्या सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड, आणि जुन्यापान्यासाठी चोरबाजारातील मटण स्ट्रीट. पुण्याच्या मंडळींना जुना बाजार होता. या काळात हौशी माणूस खरेदी करीत नसे, तो शोध घेत असे; आठवडा-आठवडा फिरून एक पक्कड मिळविणे यात कमीपणा मानला जात नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या कायमच्या थंडावल्या आणि त्यांची यंत्रे भंगारात निघाली. एका घराची उपजीविका जाते तेव्हाच दुसऱ्याच्या हौसेची सामग्री स्वस्त होते, हा या इतिहासातील अप्रिय भाग आहे. तो वगळून चालणार नाही.

मीरा रोडची वस्ती वाढली ती याच सुमारास. मिठागरे आणि शेतजमिनी यांच्या या परिसरासाठी १९८५ मध्ये नगरपालिका व २००२ मध्ये महानगरपालिका झाली; मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ मध्ये पाच लाखांवर, तर २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे येथे आली आणि बाजारपेठा मात्र सुमारे चाळीस किलोमीटर मागे राहिल्या. साहजिकच लोकलच्या गर्दीत हातात धरून नेता येईल एवढ्याच मापाची सामग्री घरी येऊ लागली. लांब पट्टी आणावयाची तर दुकानातच कापून घ्यावी लागे. १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले, आणि आता तर अवजार घरपोच येते. शोधाचा प्रश्न बव्हंशी मिटला आहे. साहित्याची अडचण कधी वेगळ्याच दिशेने येते : २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीचे मखर घरी करणाऱ्यांना पुठ्ठा, कापड व लाकूड यांकडे वळावे लागले. माझ्या मते हे हातकामाच्या दृष्टीने बरेच झाले.

जागेचा प्रश्न मात्र पूर्वीपेक्षा बिकट आहे. फाळके यांना बंगला तरी होता. दोन खोल्यांच्या सदनिकेत कार्यशाळा म्हणजे गॅलरीचा कोपरा, पलंगाखालची पेटी आणि शेजाऱ्यांची दुपारची झोप सांभाळून मिळणारा तासभर. तेथे व्हाइस बसले तेव्हा तेथून कोणाची कोणती वस्तू हलली, हे कोणी लिहून ठेवीत नाही. मथुरा भवनातील दागिन्यांची नोंद राहिली, कारण पुढे चित्रपट निघाला.

या लेखनात बाजारपेठांविषयी जे सांगता आले ते स्थूल आहे. ते तपशिलाचे व्हावयाचे तर दुकानांच्या पावत्या, जुनी मूल्यपत्रके आणि घरखर्चाच्या वह्या हाती याव्या लागतील. इमारतींच्या पुनर्विकासाच्या वेळी घरे रिकामी होतात तेव्हा हीच कागदपत्रे प्रथम रद्दीत जातात. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी वही किंवा पावत्यांचा गठ्ठा असल्यास तो विभागास निदान पाहावयास द्यावा, ही विनंती.