कोमो सरोवराच्या काठाकाठाने

कोमो सरोवरातून नौका चालू लागली की उतारूंचे हात सारखे काठाकडे उठू लागतात. तो पाहा अमक्या कार्डिनलचा वाडा, ते तमक्या राजकन्येचे उद्यान, आणि तिकडे लाल्यो गावी एका अमेरिकन नटाने विकत घेतलेले घर! उत्तर इटलीत येणारा प्रवासी एका दिवसात या सरोवरकाठची चार-सहा गावे पाहून सायंकाळी माघारी वळतो, आणि अशीच काही थोरामोठ्यांची नावे त्याच्या ध्यानात राहतात. नौकेत बसून काठावरची घरे एकमेकांस दाखविण्याची ही रीत मात्र आजकालची नव्हे. ती निदान एकोणीसशे वर्षांची जुनी आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी धाकटा प्लिनी याच सरोवरातून नावेने चालला होता. तो कोमोचाच रहिवासी. रोमन साम्राज्यातील मोठा अधिकारी, विद्वान आणि कुशल पत्रलेखक. बरोबरच्या एका वयोवृद्ध स्नेह्याने त्याला काठावरचे एक घर दाखविले. त्या घराची एक खोली पाण्यावर पुढे आलेली होती. तिच्याकडे पाहून स्नेही म्हणाला की, आपल्या गावच्या एका स्त्रीने पतीसह येथूनच उडी घेतली. पतीला असाध्य व्रणांची व्याधी जडली होती. तिने ते व्रण स्वतः तपासले. बरे होण्याची आशा नाही असे पाहून त्याला मरणाचा सल्ला दिला, आणि स्वतःला त्याच्याशी बांधून घेऊन तीच पुढे झाली. प्लिनीने ही हकीकत एका मित्राला पत्रातून कळविली आहे. रोमच्या इतिहासात आर्रिया नावाच्या कुलीन स्त्रीचे असेच कृत्य गाजलेले होते. या स्त्रीचे कृत्य तिच्याहून उणे नव्हते, उणी होती ती तिची प्रतिष्ठा, आणि म्हणूनच त्याच गावच्या प्लिनीच्या कानी ते इतकी वर्षे आले नव्हते, अशी खंत त्याने व्यक्त केली आहे. खंत खरी, पण त्या पत्रात त्याने तरी तिचे नाव कोठे लिहिले आहे?

कोमो शहराच्या कॅथीड्रलपुढे उभे राहिले म्हणजे ही गोष्ट हटकून आठवते. १३९६ मध्ये या मंदिराचे बांधकाम सुरू झाले. त्याच्या मुख्य दाराच्या दोन बाजूंस दोन पुतळे बसविलेले आहेत. ते संतांचे नव्हेत, तर थोरला प्लिनी आणि धाकटा प्लिनी या दोघा मूर्तिपूजक रोमन गृहस्थांचे आहेत! गावचा अभिमान धर्माच्याही दारात कसा ठाण मांडून बसतो याचा हा मजेदार दाखला म्हणावा लागेल. ज्युलियस सीझरने इ. स. पूर्व ५९ मध्ये येथे पाच हजार वसाहतकरी आणून 'नवे कोमो' वसविले. विद्युत्घटाचा जनक आलेस्सांद्रो व्होल्टा १७४५ मध्ये येथेच जन्मला आणि १८२७ मध्ये येथेच निवर्तला. त्याच्या मृत्यूच्या शताब्दीनिमित्त १९२७ च्या सप्टेंबरात येथे भरलेल्या परिषदेत नील्स बोर याने आपला पूरकतेचा सिद्धांत प्रथम मांडला. त्या परिषदेस भारतातून मेघनाद साहा आणि देवेंद्रमोहन बोस यांना निमंत्रण होते.

दोन पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखा या सरोवराचा आकार आहे. डोके उत्तरेस आल्प्सच्या कुशीत, एक पाय नैर्ऋत्येस कोमो येथे आणि दुसरा आग्नेयेस लेक्को येथे, जेथून आद्दा नदी बाहेर पडते. सुमारे ४६ किलोमीटर लांबीच्या या पात्राची रुंदी कोठेही साडेचार किलोमीटरांपलीकडे फारशी जात नाही. खोली मात्र चारशे मीटरांहून अधिक. म्हणजे सरोवराचा तळ समुद्रसपाटीच्याही दोनशे मीटर खाली आहे. दोन्ही काठांना डोंगर थेट पाण्यात उतरतात. पश्चिम काठाने रोमन काळापासूनची एक वाट जाते. पूर्व काठाला तर धड गाडीरस्ता एकोणिसाव्या शतकात, ऑस्ट्रियाच्या अमलात झाला. तोवर धान्य, लाकूड, दगड, वऱ्हाडे आणि प्रेते, सर्वांची वाहतूक पाण्यावरूनच चालत असे.

या वाहतुकीचे वेळापत्रक वाऱ्याने ठरवून दिलेले होते. पहाटे उत्तरेकडून 'तिवानो' वारा सुटतो आणि दुपारच्या सुमारास दक्षिणेकडून 'ब्रेवा' वाहू लागतो. तिवानोवर शीड सोडून वरच्या गावचे नावाडी सकाळी कोमोच्या बाजाराला येत आणि ब्रेवाच्या बळावर सायंकाळी घरी पोहोचत. १८२६ मध्ये पहिली आगबोट आली आणि वाऱ्याची ही सत्ता हळूहळू संपली. आजचा प्रवासी सकाळी कोमोहून निघतो तो तिवानोला तोंड देत. त्याला त्याचा पत्ताही नसतो.

चेर्नोब्बिओ येथील व्हिला द'एस्ते प्रथम दृष्टीस पडतो. कार्डिनल तोलोमेओ गाल्लिओ याने सोळाव्या शतकात बांधलेला हा वाडा पुढे इंग्लंडच्या युवराजाची परित्यक्त पत्नी कॅरोलाइन हिने घेतला, आणि १८७३ पासून तेथे हॉटेल आहे. या वाड्याविषयी मार्गदर्शक भरभरून बोलतात. परंतु काठावरील गावांचे पोट ज्यावर भरले त्या रेशमाविषयी त्या मानाने फारच थोडे बोलले जाते.

येथील घरोघरी तुतीचा पाला आणि रेशमाचे किडे असत. किड्यांची अंडी उबविण्यासाठी स्त्रिया ती फडक्यात बांधून छातीशी बाळगीत. किड्यांना रात्रंदिवस पाला लागे. त्यांच्यासाठी माणसे घरातली ऊबदार जागा सोडून देत. कोश तयार झाले की धागा उकलण्याच्या कारखान्यांत पोरसवदा मुली कढत पाण्याच्या पात्रांपुढे दिवसभर बसत. बोटे भाजत, कोवळी कातडी सोलून निघे, आणि वाफेने व दुर्गंधीने जीव गुदमरे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला किड्यांवर पेब्रिन हा रोग पडला, तेव्हा निरोगी अंडी आणण्यासाठी येथील व्यापारी थेट जपानपर्यंत गेले. त्या व्यापाऱ्यांनी लिहिलेली प्रवासवर्णने उपलब्ध आहेत. मुलींनी काही लिहिलेले नाही. त्यांची गाणी तेवढी मागे राहिली. कोमोचे रेशीम आजही जगात नावाजलेले आहे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर किडे पाळण्याचा उद्योग येथून उठला, आणि विणकाम, रंगकाम व छपाईसाठी लागणारे कच्चे रेशीम बहुतांशी चीनमधून येते.

आर्जेन्यो मागे पडल्यावर डाव्या हाताला एक बेट लागते. सबंध सरोवरात हे एकच बेट. त्याचे नाव कोमाचिना. लांबी जेमतेम सहाशे मीटर. दाट झाडी, एक लहान चर्च आणि भिंतींचे अवशेष, एवढेच त्यावर दिसते. बरेच उतारू याच सुमारास उपाहार उरकून घेतात. वस्तुतः सरोवराच्या इतिहासाचा गाभा येथेच आहे.

सहाव्या शतकात लाँगोबार्ड लोकांनी उत्तर इटली पादाक्रांत केली, तेव्हा बिझंटाइन साम्राज्याचा सेनानी फ्रांचिओ या बेटावर वीस वर्षे टिकून होता. अखेर सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर त्याने बेट सोडले. पॉल द डीकन हा इतिहासकार लिहितो की, निरनिराळ्या शहरांतील लोकांनी आपले धन येथे आणून ठेवले होते आणि ते सारे लाँगोबार्डांच्या हाती पडले. संकटकाळी दूरदूरच्या लोकांनी ज्याच्यावर विश्वास टाकावा असे हे ठिकाण होते. त्याच राजवटीत, ६४३ साली, राजा रोथारी याने केलेल्या कायद्यात 'माजिस्त्री कोमाचिनी' या गवंड्यांचा उल्लेख येतो. बांधकामाचा ठेका घेतलेल्या ठिकाणी दगड वा तुळई पडून कोणी दगावला, तर जबाबदारी घरधन्याची नव्हे, गवंड्याची, असे तो कायदा सांगतो. हे नाव कोमोवरून पडले की परातीवरून, याविषयी विद्वानांत वाद आहे. वाद राहो, या प्रदेशातील गवंडी पुढील कित्येक शतके युरोपभर चर्चे बांधीत हिंडले, आणि त्यांतील बहुतेकांची ओळख त्यांच्या चिऱ्यांखेरीज दुसरी नाही.

बेटाचा घात झाला तो शेजाऱ्यांच्या वैरात. १११८ मध्ये मिलान आणि कोमो यांत युद्ध जुंपले. बेटकऱ्यांनी मिलानची बाजू घेतली. दहा वर्षांच्या लढाईअंती, ११२७ मध्ये, कोमोची राखरांगोळी झाली. त्या युद्धावर एका कोमोकराने लॅटिनमध्ये दीर्घ काव्य रचले आहे. त्या कवीचेही नाव ठाऊक नाही. पुढे सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या आश्रयाने कोमो पुन्हा उभे राहिले, आणि ११६९ मध्ये कोमोच्या लोकांनी बेटावर चालून जाऊन सूड उगवला. घरे जाळली, तट पाडले, चर्चेही सोडली नाहीत. जे शत्रूने आपल्या गावाचे केले होते, तेच त्यांनी जसेच्या तसे दुसऱ्याच्या गावाचे केले. बेटावर पुन्हा वस्ती होऊ नये असा निर्बंधही घातला गेला. येथे पुन्हा घंटा वाजणार नाही, येथे कोणी खाणावळ घालणार नाही, अशी कोमोच्या बिशपाची शापवाणी लोककथेत सांगितली जाते. १९४७ मध्ये तेथे खाणावळ निघाली तेव्हा चालकाने जेवणाच्या शेवटी अग्नी पेटवून शाप उतरविण्याचा एक विधी सुरू केला, आणि तो पाहण्यासाठी गिऱ्हाइके येऊ लागली. शापाचा असा उपयोग बिशपाच्या स्वप्नातही आला नसेल.

जाळपोळीतून वाचलेले बेटकरी होड्यांत बसून ईशान्येकडे निघाले आणि पलीकडच्या काठावर वारेन्ना येथे उतरले. त्या गावाला 'नवे बेट' असे नाव पडले.

वारेन्नाकडे जाताना वाटेत त्रेमेत्सो आणि बेल्लाजो ही दोन प्रेक्षणीय गावे लागतात. त्रेमेत्सोच्या व्हिला कार्लोत्तामध्ये तोरवाल्डसेन या शिल्पकाराचा 'अलेक्झांडरचा बाबिलोनप्रवेश' हा संगमरवरी शिल्पपट्ट आहे. त्याची मूळ कल्पना नेपोलियनच्या गौरवासाठी निघाली होती; नेपोलियन पडला आणि पट्ट येथील श्रीमंत मालक सोम्मारिवाने विकत घेतला. बेल्लाजो सरोवराच्या दोन फाट्यांमधल्या टोकावर आहे. त्याच्या सौंदर्याची कीर्ती खोटी नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे. वारेन्ना तसे नटलेले नाही. धक्क्यापासून अरुंद पायऱ्यांच्या गल्ल्या वर चढत जातात. घरे एकमेकांना टेकून, जणू जागा हिशेबाने वाटून घेतल्यासारखी उभी आहेत.

उत्तरेकडे पुढे गेले की पश्चिम काठावर दोंगो लागते. १९४५ च्या ९ एप्रिलला दोस्तांच्या फौजांनी सेनिओ नदी ओलांडण्यास आरंभ केला; त्याच दिवशी पाचव्या मराठा पलटणीतील शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन नदी पार केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. ती फळी फुटली आणि तीन आठवड्यांच्या आत मुसोलिनी या सरोवराच्या काठाने उत्तरेस पळत होता. २७ एप्रिलला पार्तिझान सैनिकांनी जर्मन लष्करी गाड्यांचा तांडा अडविला. दोंगोच्या चौकात झडती घेताना जर्मन सैनिकाचा डगला आणि शिरस्त्राण घातलेला मुसोलिनी एका गाडीत सापडला. दुसऱ्या दिवशी मेत्सेग्रा येथे एका घराच्या फाटकापाशी त्याला आणि क्लारेत्ता पेताच्ची हिला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या बरोबरच्या मंत्री-अनुयायांपैकी पंधरा जणांना दोंगोच्या चौकात, सरोवराच्या कठड्याशी उभे करून ठार करण्यात आले. ते फाटक आजही पाहण्यास लोक जातात.

परंतु त्याआधी वीस महिने याच डोंगरांतून दुसरीच माणसे चालली होती. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीचा युद्धविराम जाहीर झाला आणि जर्मनांनी देश व्यापला. तेव्हापासून ज्यू कुटुंबे आणि निसटलेले युद्धकैदी स्वित्झर्लंडची सीमा गाठण्यासाठी कोमोकडे येऊ लागले. वाट दाखविणारे बहुधा तंबाखू आणि कॉफीची चोरटी ने-आण करणारे गावकरी असत. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून ते गोणपाटाची पायताणे घालीत. काहींनी पैसे घेतले, काहींनी काहीच घेतले नाही, काहींनी दगाही दिला. सीमेवर पोहोचूनही काहीजण स्विस पहाऱ्यावरून परत फिरविले गेले. ज्यांनी निरपेक्षपणे माणसे पार नेली त्यांनी साहजिकच कोठे नोंद ठेवली नाही. नोंद सापडणे म्हणजे मरण होते.

परतीच्या नौकेला कोमाचिना बेट पुन्हा लागते, आता उजव्या हाताला. जूनच्या अखेरीस, सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास, हा प्रवास रात्री करावा. काठावरचे लोक गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत तेल आणि वात घालून शेकडो इवले दिवे पाण्यावर सोडतात. त्यांना स्थानिक बोलीत 'लुमागित' म्हणतात. अंधार पडला की दारूकाम सुरू होते आणि बेट पेटल्यासारखे लाल दिसू लागते. ११६९ ची ती आग दरवर्षी अशी दाखविली जाते. लोक होड्यांत बसून ती पाहतात. पाहणाऱ्यांसाठी कोमोहूनही खास नौका सुटतात.