अक्षय भाता आणि तप्त नळी

खांडवदाहाच्या प्रसंगीं अग्नीनें वरुणाकडून अर्जुनास गांडीव धनुष्य व दोन अक्षय भाते देवविले, ही कथा वाचकांस विदित आहेच. या भात्यांतील बाण सरावयाचे नाहींत, हा त्यांचा महिमा. परंतु मौसलपर्वांत द्वारकेच्या स्त्रियांस घेऊन जात असतां आभीरांनीं वाट अडविली, तेव्हां तेच बाण सरले आणि तो धनुर्धर हताश झाला. कर्णाजवळची इंद्रदत्त शक्ति तर एकदांच चालणारी. ती त्यानें अर्जुनाकरितां जपून ठेविली आणि अखेर घटोत्कचावर खर्चिली. शस्त्र किती प्रखर, याबरोबरच तें किती वेळां चालेल, हाहि प्रश्न महाभारतकारांपुढें होता. मात्र ती मर्यादा संख्येची होती. धनुष्य कांहीं तापत नाहीं. तापाची मर्यादा बंदुका-तोफांबरोबर आली.

१८८४ मध्यें हायरम मॅक्सिम यानें आपली यांत्रिक बंदूक सिद्ध केली. एका बाराच्या धक्क्यानेंच दुसरा बार भरला जाऊं लागला, आणि माणसाच्या हाताचा मंदपणा ही जुनी अडचण नाहींशी झाली. ती जातांच नळीचा दाह ही नवी अडचण पुढें उभी राहिली. म्हणून मॅक्सिमनें नळीभोंवतीं पाण्याचें वेष्टण दिलें. तिच्याच वंशांतील व्हिकर्स बंदुकीच्या वेष्टणांत सुमारें ४ लिटर पाणी मावे, व उकळून निघालेली वाफ नळकांड्यानें डब्यांत नेऊन तिचें पुन्हां पाणी करीत. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन एमजी ४२ बंदुकीस पाणी नव्हतें. तेथें तापलेली नळीच काढून कांहीं क्षणांत थंड नळी बसवीत. काडतुसांचे ढीग शेजारीं पडलेले असोत. नळी तापली कीं बंदूक थांबलीच.

आतां इतिहाससंशोधकास महत्त्वाची गोष्ट अशी कीं, यांपैकीं एकच मर्यादा कागदावर उतरते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दुर्गप्रकरणीं दारूखाना कोठें असावा, दारूची निगा कशी राखावी, हें सांगितलें आहे. गडांच्या यादींत तोफा, गोळे, शिसें, दारू यांची मोजदाद सांपडते. परंतु दोन बारांमध्यें गोलंदाज किती वेळ थांबला, हें कारकून लिहीत नाहीं. कारण तो वेळ खर्चीं पडत नाहीं. तेव्हां केवळ गोळ्यांची बेरीज करून गडाचें बळ ठरविणाराचा हिशेब अर्धाच राहतो. संख्या दप्तरांत राहते. ताप गोलंदाजाबरोबर जातो.

या तापाचे नियम अक्षरशः लिहून ठेवलेले प्रस्तुत लेखकास आढळले ते नातवाच्या संगणकावर, नेमबाजीच्या व्हिडिओ खेळांत. विषय पोरकट म्हणून कोणी नाक मुरडूं नये. खेळ म्हणजे नियमांचा ग्रंथ. आणि ज्यास नियम आहेत त्यास पाठभेद आहेत.

१९९३ च्या ‘डूम’ या खेळांत केवळ संख्येची मर्यादा आहे. खेळाडूस एका वेळीं २०० गोळ्या बाळगतां येतात, पाठीवरची पिशवी सांपडल्यास ४००. पण त्याची यांत्रिक बंदूक कितीहि चालविली तरी तापत नाहीं. २००१ च्या ‘हेलो’ खेळांत मानवांच्या बंदुकांस काडतुसांची मर्यादा आहे, तर परग्रहस्थांच्या प्लाझ्मा बंदुकीस दोन्ही. ती सतत चालविली तर तापून कांहीं काळ निरुपयोगी होते, आणि तिच्यांतील ऊर्जा संपली कीं पुन्हां भरतां येत नाहीं, टाकूनच द्यावी लागते. या दोन मर्यादांचे स्वभाव निराळे आहेत. संख्येची मर्यादा उद्यांची चिंता लावते; खेळाडू कर्णाप्रमाणें उत्तम शस्त्र राखीत बसतो, आणि पुष्कळदां तें तसेंच राहून खेळ संपतो. तापाची मर्यादा याच क्षणाचें भान मागते. येथें सांठविण्यासारखें कांहीं नसतें. केव्हां थांबावें एवढेंच कळावें लागतें.

पाठभेदाचें उत्कृष्ट उदाहरण कॅनडांतील बायोवेअर संस्थेच्या ‘मास इफेक्ट’ या खेळाचें होय. २००७ च्या पहिल्या खेळांत बंदूक धातूच्या ठोकळ्यांतून वाळूच्या कणाएवढे तुकडे काढून फेंकते. म्हणजे भाता अक्षय. मर्यादा केवळ तापाची. योग्य सुटे भाग जोडले तर तीहि जवळजवळ नाहींशी होई. २०१० च्या दुसऱ्या खेळांत उष्णता शोषून घेणारी, काढून टाकावयाची ‘थर्मल क्लिप’ आली. क्लिप संपल्या कीं बंदूक मुकी. ताप पुन्हां संख्येंत मोजला जाऊं लागला. याचें समर्थनहि खेळांतच दिलें आहे: गेथ नामक यंत्रजातीनें ही युक्ति प्रथम योजिली व इतरांनीं ती लवकरच उचलली, कारण जो अधिक वेगानें मारा करील तो जिंकेल. एमजी ४२ च्या नळीचीच ही युक्ति, दुसरें काय!

परंतु प्रक्षेप लपत नाहीं. दुसऱ्या खेळाची कथा पहिलीनंतर दोन वर्षांनीं घडते. तींत दहा वर्षांपूर्वीं फुटलेल्या एका जहाजाचे लोक एइया ग्रहावर अडकून पडलेले आढळतात. आणि तेथेंहि खेळाडूस थर्मल क्लिप वेंचावयास मिळतात! जी वस्तु पहिल्या खेळाच्या काळींहि प्रचारांत नव्हती, ती त्याच्या आठ वर्षें आधींपासून जगापासून तुटलेल्या स्थळीं कोठून आली? बनावट सनद पकडण्यास आपण हाच न्याय लावतों. २०१० चा नियम जुन्या काळावर मागाहून चढविला गेला, हें ती एक क्लिपच सांगते.

हा पडताळा घेतां येतो, कारण आज दोन्ही पाठ उपलब्ध आहेत. पण २०२१ मध्यें या खेळांची एकत्रित नवी आवृत्ति निघाली, तींत पहिल्या खेळांतील शस्त्रांची हाताळणी पुन्हां सुधारिली गेली. नवा पाठ सोयीचा होतो आणि जुना मागें पडतो. पोथ्यांच्या बाबतींत हेंच आपण पाहत आलों. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें, त्या देशांत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के आज बाजारांत मिळत नाहींत. पोथीस वाळवी लागते. येथें यंत्र जुनें झालें कीं ग्रंथच मुका होतो.

गडावरील तोफ किती तापली, हें आपल्या पूर्वजांनीं लिहून ठेविलें नाहीं. या खेळांत तें लिहिलें गेलें आहे, आणि तें आपल्या डोळ्यांदेखत पुसलें जात आहे. संग्राहकांनीं नवी प्रत घेतांना जुनी टाकूं नये, इतकीच विनंति.