बंदूक नेमकी कुठे असते? ब्राउनिंगची शॉटगन आणि सुट्या भागांचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना बंदुकीचं काय पडलंय? प्रश्न रास्त आहे. आम्ही जन्मात बंदूक चालवलेली नाही आणि आता हौसही उरलेली नाही. पण एक जुना प्रश्न आम्ही चाळीस वर्षं वर्गात शिकवत आलो. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो, की तू रथातून आलास म्हणतोस, तर रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस, जू, दांडी, यातलं नेमकं कुठलं? (औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय आणि त्याचं नागसेनवन ही नावं या दोघांवरूनच आली.) ग्रीकांकडे हाच प्रश्न थीसियसच्या जहाजाचा. फळ्या एकेक करून बदलल्या, तर जहाज तेच राहिलं का? वर्गात हा प्रश्न मुलं जांभया देत ऐकतात. अमेरिकेत मात्र तो संसदेला कायदा करून सोडवावा लागला, आणि तोही बंदुकीच्या बाबतीत. म्हणून आज ही गोष्ट.

आधी वस्तू समजून घेऊ. आपल्याकडे जुन्या वाड्यांत भिंतीवर टांगलेली दिसायची ती बहुधा एकनळी किंवा दुनळी बारा बोअर. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. काडतुसात एक गोळी नसते, छर्रे असतात. दुनळीतून दोन बार झाले की बंदूक मोडायची, म्हणजे मधून वाकवायची, आणि नवी काडतुसं घालायची. अर्धस्वयंचलित शॉटगन हे काम स्वतःच करते. चाप एकदा ओढला की एकच बार, पण रिकामं काडतूस बाहेर टाकणं आणि पुढचं आत घेणं हे बाराच्याच जोरावर होतं.

हे पहिल्यांदा यशस्वीपणे जमवलं ते युटा राज्यातल्या ऑग्डेनच्या जॉन मोझेस ब्राउनिंगने. पेटंट ऑक्टोबर १९०० चं. त्याची युक्ती अशी: बार उडाला की नळी आणि तिच्यामागचा बोल्ट एकमेकांत अडकलेलेच मागे सरकतात, पूर्ण काडतुसाच्या लांबीहून थोडे जास्तच. मग नळी सुटून पुढे जाते, बोल्ट मागे थांबतो, रिकामं काडतूस बाहेर उडतं, आणि नंतर बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढे येतो. म्हणजे या बंदुकीत नळी हा स्थिर भाग नाही, तीच हलते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ब्राउनिंगने आपली बहुतेक कामं विंचेस्टर कंपनीला एकरकमी विकलेली होती. या वेळी त्याने प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी मागितली. विंचेस्टरने नकार दिला. तो रेमिंग्टनकडे गेला. तिथले प्रमुख मार्सेलस हार्टली. जानेवारी १९०२ मध्ये ब्राउनिंग भेटीसाठी थांबलेला असतानाच हार्टली हृदयविकाराने गेले. मग तो सरळ बेल्जियमला, लीजजवळच्या एर्स्टालला, फाब्रिक नास्योनाल या कारखान्यात पोचला आणि १९०२ पासून तिथे ही बंदूक निघू लागली. 'ऑटो-फाइव्ह' हे तिचं पुढे रूढ झालेलं नाव. १९०५ मध्ये रेमिंग्टननेही परवाना घेऊन तीच बंदूक 'मॉडेल ११' म्हणून काढली. विंचेस्टरची तर पंचाईतच झाली. त्यांचा डिझायनर टी. सी. जॉन्सन याला ब्राउनिंगची पेटंटं चुकवून १९११ चं मॉडेल करावं लागलं. बोल्ट मागे ओढायची मूठ वापरता येईना, म्हणून नळीवरच खरखरीत पट्टा केला आणि नळी हाताने मागे दाबायची. काडतूस अडकलं की लोक दस्ता जमिनीवर टेकवून तोंडाकडून नळी दाबायचे. आता तोंड कुठे असणार, ते तुम्हीच बघा. त्या बंदुकीला 'विडो मेकर', म्हणजे बायकोला विधवा करणारी, हे नाव पडलं.

आता सुट्या भागांकडे येऊ. एका बंदुकीचा भाग काढून दुसरीत बसवता येणं ही कल्पना ब्राउनिंगच्या आधी शंभर वर्षांची आहे. १७८५ मध्ये थॉमस जेफरसन पॅरिसला अमेरिकेचा राजदूत होता. ओनोरे ब्लाँ नावाच्या कारागिराने त्याच्यासमोर बंदुकीच्या चापयंत्राचे सुटे भाग ढिगाने ठेवले. जेफरसनने स्वतः हाताला येतील ते तुकडे उचलून यंत्रं जुळवली, आणि तसं जॉन जे यांना पत्राने कळवलं. पुढे शाळेच्या पुस्तकात हे श्रेय एली व्हिटनीला मिळालं. त्याने १७९८ मध्ये दोन वर्षांत दहा हजार बंदुका द्यायचा करार केला, शेवटची खेप दिली १८०९ मध्ये, आणि इतिहासकारांनी त्याच्या बंदुका उघडून पाहिल्या तर भाग एकमेकांत बसत नव्हते! खरं काम हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉलने १८२० च्या दशकात केलं. व्हिटनीचं नाव मोठं राहिलं याचं आम्हाला नवल नाही. इतिहासात बोलणाऱ्याचं नाव टिकतं, कानस चालवणाऱ्याचं क्वचित.

ऑटो-फाइव्हमध्ये एक गंमत होती. हलकं काडतूस आणि भारी काडतूस यांचा धक्का सारखा नसतो. भारी काडतुसाने नळी जोरात मागे आपटेल, हलक्याने पुरती मागे येणारच नाही. ब्राउनिंगने मॅगझिनच्या नळीवर घर्षणाची कडी ठेवली. भारी काडतूस असेल तर कडी स्प्रिंगच्या पुढे, हलकं असेल तर मागे काढून ठेवायची. म्हणजे बंदूक स्वतःला जुळवून घ्यायचं काम त्याने मालकाकडे सोपवलं. अनेक मालक कडी एकदा बसवून विसरून जात आणि मग बंदूक अडकते म्हणून कुरकुरत. आमच्या मते बदलांच्या इतिहासाची सुरुवात इथे आहे. मालकाने बंदुकीच्या पोटात हात घालावा हे कारखान्यानेच गृहीत धरलं होतं.

पण बाजार उभा राहिला तो चोकमुळे. चोक म्हणजे नळीचं तोंड किंचित आवळणं. छर्रे किती पसरतात ते यावर ठरतं. चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या वर्तुळात किती छर्रे पडतात ते मोजायचं: पूर्ण आवळलेल्या नळीतून साधारण सत्तर टक्के, मोकळ्या नळीतून चाळीसेक. बदकाच्या शिकारीला लांबचा मारा लागतो, म्हणून लोक घट्ट चोकच्या बंदुका घेत. मग १९२० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये अँडोव्हर इथे चार्ल्स डेव्हिस आणि मंडळींनी मातीच्या तबकड्यांवर नेम धरण्याचा नवा खेळ काढला. त्याला १९२६ मध्ये 'स्कीट' हे नाव मिळालं. स्कीटमध्ये तबकडी जवळून जाते. तिथे घट्ट चोक म्हणजे मुठीएवढ्या छर्‍यांच्या झुबक्याने नेम धरायचा, लागण्याची शक्यता कमी. दुनळीवाल्याला दोन नळ्यांत दोन चोक मिळतात. ऑटो-फाइव्हवाल्याची नळी एक, आणि तिचा चोक कारखान्यात कायमचा ठरलेला. करायचं काय?

दुसरी नळी घेता येत होती, पण महाग. इथे कट्स नावाचे अमेरिकन मरीन कोअरचे अधिकारी आले, बाप-लेक दोघेही त्याच नावाचे. त्यांनी तोंडाला बसवायचा 'कॉम्पेन्सेटर' केला. खाचांतून वायू बाहेर पडतो आणि धक्का कमी होतो, आणि पुढे वेगवेगळ्या चोकच्या नळकांड्या फिरवून लावता येतात. हाच कट्स कॉम्पेन्सेटर १९२८ च्या थॉमसन सबमशीनगनवर दिसतो. शॉटगनसाठी तो कनेक्टिकटची लायमन कंपनी विकत असे. त्याचा आवाज शेजारी उभ्या असलेल्याचे कान बसवणारा. दुसरा 'पॉली-चोक': ड्रिल मशीनच्या चकसारखी बोटं असलेली कडी. हाताने फिरवली की तोंड आवळतं किंवा सुटतं. एकाच नळीत सगळे चोक.

दोन्हीसाठी नळीचं मूळ तोंड करवतीने कापावं लागे. शिवाय आठवा, या बंदुकीत नळीच हलते. तिच्या टोकाला वजन चढवलं, की ती किती वेगाने मागे येणार हे गणितच बदलतं. ब्राउनिंगच्या घर्षणकडीचा हिशेब पुन्हा मांडायचा. एक भाग बदलला की बाकीच्या भागांना त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं, ही गोष्ट नागसेनाच्या रथात नाही. तिथे चाक चाकाच्या जागी, जू जुवाच्या जागी. आणि विरोधाभास बघा: १९३० च्या दशकात लोकांनी हौसेने कापलेल्या नळ्या आज संग्राहक नाकारतात. न कापलेली, मूळ चोकची तीच बंदूक कितीतरी जास्त पैसे मिळवते. त्या काळी सुधारणा होती, आता ती जखम म्हणून मोजली जाते.

मालकाने केलेले बदल झाले. सरकारने करायला लावलेला पहिला बदल १९३५ चा. बदकं, हंस कमी होऊ लागले होते. फेडरल नियम निघाला की स्थलांतरित पाणपक्ष्यांची शिकार करताना बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं बसता कामा नयेत. ऑटो-फाइव्हमध्ये पाच बसतात, तिच्या नावातच पाच आहे. उपाय म्हणजे मॅगझिनमध्ये घालायचा लाकडी दांडका. आम्हाला हा दांडका फार आवडतो. शंभर वर्षं सगळे भाग बंदुकीची ताकद वाढवायला आले, हा एकटा कमी करायला आला, आणि बहुधा सर्वांत स्वस्तही तोच.

पुढची यंत्रं पटकन सांगतो. १९६३ मध्ये रेमिंग्टनने '११००' काढली. ती वायूच्या दाबावर चालते आणि नळी स्थिर असते, त्यामुळे टोकाला काही जोडलं तरी आतलं गणित तितकं बिघडत नाही. १९६७ मध्ये इटलीच्या उर्बिनोत बेनेली कंपनी सुरू झाली. तिने ब्रुनो चिव्होलानीच्या जडत्वाच्या रचनेवर बंदुका केल्या. नळीत फिरवून बसवायचे चोक सर्रास झाले आणि पॉली-चोक मागे पडला. मोठी बोल्टची मूठ, रुंद केलेलं काडतूस भरायचं तोंड, लांब मॅगझिन हे सगळं स्पर्धावाल्यांचं. त्यात नवी कल्पना फारशी नाही असं आमचं मत आहे. कुणाला पटणार नाही, चालेल.

आता कायदा. १९३८ च्या अमेरिकी फेडरल कायद्यात बंदुकीच्या व्याख्येत तिचे भागही येत होते. म्हणजे स्प्रिंग विकणारासुद्धा बंदूक विकतो असं धरायचं. हे चालवणं अशक्य होतं. १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टने ते काढून टाकलं आणि ठरवलं की बंदूक म्हणजे तिचा रिसीव्हर, म्हणजे ज्यात चाप आणि बोल्ट बसतो तो मधला सांगाडा. क्रमांक त्यावर. नळी, दस्ता, चोक, मॅगझिन हे फेडरल कायद्याच्या दृष्टीने सामान. अॅरिस्टॉटलने आकार आणि द्रव्य यावर पानं भरली, यांनी एका कलमात निकाल दिला. सुट्या भागांचा सगळा आधुनिक धंदा या निकालावर उभा आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात व्याख्येतच भाग येतात, म्हणून इथे तसा बाजार झाला नाही.

पण १९९० मध्ये अमेरिकेनेच आपल्या निकालाला छेद दिला. शिकार-खेळाच्या उपयोगाची नाही म्हणून जी परदेशी अर्धस्वयंचलित रायफल किंवा शॉटगन आयात करता येत नाही, तशीच बंदूक आयात भागांतून देशात जुळवायलाही बंदी आली. किती भाग परदेशी असले की बंदूक परदेशी? नियमात वीस भागांची यादी केली, आणि त्यातले दहापेक्षा जास्त आयात असता कामा नयेत असं ठरलं. बेनेली एम-फोर ही इटालियन शॉटगन मरीन कोअरने एम-१०१४ म्हणून स्वीकारली. साध्या ग्राहकाने तिला सैन्यासारखं लांब मॅगझिन लावायचं ठरवलं, तर त्याला आधी भाग मोजावे लागतात आणि चाप, दस्ता असे काही अमेरिकी भाग घालून आकडा दहावर आणावा लागतो.

म्हणजे दोन कायद्यांनी एकाच वस्तूची दोन उत्तरं दिली. १९६८ चा म्हणतो, रिसीव्हर तेवढा बंदूक. १९९० चा म्हणतो, वीस तुकड्यांची गोळाबेरीज. हॉब्जने १६५५ मध्ये थीसियसच्या जहाजाला एक पेच जोडला होता: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? अमेरिकेतल्या दुकानांत जुन्या ऑटो-फाइव्हच्या न कापलेल्या बेल्जियन नळ्या वेगळ्या विकायला असतात. त्या घेणारे आजोबांनी कापलेली नळी काढून तिच्या जागी ही बसवतात. कापलेली नळी फळीवर ठेवून देतात. क्रमांक मात्र रिसीव्हरवर होता तोच राहतो.