गुंगी आणणारी गोळी: नगर जिल्ह्यातील एका सवयीचा इतिहास

अंगावर पित्त उठले, म्हणजे त्वचेवर लाल, खाजणाऱ्या गांधी आल्या, की आमसुलाचे पाणी चोळायचे आणि सर्दी झाली की आले-तुळशीचा काढा घ्यायचा, हा अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातही घरोघरचा प्रघात होता; नगर शहरात १९१७ साली सुरू झालेल्या आयुर्वेद महाविद्यालयाने देशी चिकित्सेला संस्थात्मक शिक्षणाची बैठक दिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या उपायांच्या शेजारी एक छोटी गोळी येऊन बसली, आणि तिने येणारी गुंगी ही गुण आल्याचीच खूण मानली जाऊ लागली.

ही गोळी हिस्टामिनला अडवणारी. हिस्टामिन हे शरीरातील पेशींतून स्रवणारे द्रव्य असून खाज, शिंका आणि वाहते नाक यांमागे त्याचा हात असतो. मेंदूत मात्र तेच द्रव्य माणसाला जागे ठेवते. डॅनियल बोव्हे आणि अ‍ॅन-मारी स्टॉब यांनी १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हिस्टामिनला अडवणारे संयुग प्रथम दाखवून दिले, पुढे प्रोमेथाझिन, क्लोरफेनिरामिन ही औषधे निघाली, आणि ती मेंदूत सहज शिरत असल्याने खाजेबरोबर जागही घालवू लागली. दख्खनच्या पठारावर त्यांना आणखी एक निमित्त मिळाले ते गाजर गवताचे: १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेलेले हे तण पडीक रानांत आणि बांधांवर पसरत गेले, ते उपटणाऱ्यांच्या अंगावर पुरळ उठू लागले आणि त्याच्या परागांनी शिंका सुरू झाल्या.

कायद्याने या गोळ्यांच्या विक्रीला मोकळे रान दिलेले नव्हते. १९४५ च्या औषध नियमांतील ‘जी’ अनुसूचीत या औषधांची नावे असून, वैद्यकीय देखरेखीशिवाय ती घेणे धोक्याचे आहे, असा इशारा त्यांच्या वेष्टनावर छापावा लागतो. प्रत्यक्षात मेडिकल दुकानात दहा गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून दोन-चार गोळ्या कागदी पुडीत दिल्या जातात, इंग्रजीतला तो इशारा पुष्कळदा दुकानातल्या तुकड्यावरच राहतो, आणि गोळी घरातल्या कोणासाठी हवी आहे हे क्वचितच विचारले जाते. हे विचारायला डॉक्टरच लागतो असे नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून याच जिल्ह्यातल्या जामखेडला उभारलेल्या आरोग्य प्रकल्पात गावांनीच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रियांनी आरोग्यसेविकेचे काम समर्थपणे पेलले आहे.

वयाचा प्रश्न महत्त्वाचा, कारण एकच गोळी प्रत्येक वयात निराळी वागते. तान्ह्या मुलांत प्रोमेथाझिनने श्वास मंदावू शकतो, तर काही मुले पेंगण्याऐवजी उलट चिडचिडी, अस्वस्थ होतात. क्लोरफेनिरामिन आणि चोंदलेले नाक मोकळे करणारे फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. कामाच्या वयातल्या माणसाला, विशेषतः गळीत हंगामात रात्रभर उसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचालकाला, डुलकी हाच मोठा धोका. वृद्धांच्या बाबतीत तर दुखणे अधिक खोल जाते: ही जुनी औषधे अ‍ॅसिटिलकोलिन या मज्जासंदेश वाहणाऱ्या द्रव्यालाही अडवत असल्याने तोंड कोरडे पडते, शौचास खडा होतो, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी तुंबते, भ्रम होतो, आणि रात्री उठताना तोल जाऊन मांडीचे हाड मोडते, पण घरचे लोक याचे खापर वयावर फोडतात आणि गोळी चालूच राहते. नंतर आलेली सेटिरिझिन, लोराटाडिन ही औषधे मेंदूत कमी शिरतात, म्हणून गुंगीही कमी आणतात. मात्र मूत्रपिंड दुबळे झालेल्या वृद्धाला सेटिरिझिनची मात्रा घटवूनच द्यावी लागते.